घोट्याचा हिशेब



मागच्या लेखात पिठाच्या मर्यादेबद्दल लिहिलं होतं. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यावर तुमच्यापैकी चौघी-पाचजणींचे फोन आले. पिठाचं बोलून झालं की प्रत्येकीचा शेवटचा प्रश्न एकच, "काकू, मंदिरात तुम्ही काठीशिवाय दिसलात. पायाचं काय केलंत?" एकेकीला सांगत बसण्यापेक्षा आज सगळ्यांना मिळून सांगते. थोडं लांबेल, पण सगळं सांगते. ज्या गोष्टी सांगायला लाज वाटते, त्यासुद्धा.

तीन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासातली एक सकाळ. आमच्या घरी चौका लागला होता. पहाटे उठून पाणी गाळलं, जिवाणी जिथली तिथे पोचवली, स्वयंपाक झाला आणि आम्ही शुद्ध वस्त्रात दारात उभे राहिलो. हे, मी आणि सूनबाई. माझ्या हातात कलश. गल्लीच्या तोंडाशी महाराज दिसले आणि त्या दिवशी विधी आमच्याच दारात मिळाला. ते थांबले. नमोस्तु म्हणताना गळा भरून आला होता.

आता तीन प्रदक्षिणा. पहिली झाली. दुसरीत उजव्या घोट्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे अंधारी आली. घोट्याला रोज आवळून बांधायचा पट्टा सोवळ्यात चालत नाही, त्यामुळे पाय मोकळाच होता. कलश कलंडला. सूनबाईने एका हाताने माझा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने कलश सावरला. तिसरी प्रदक्षिणा मी तिच्या आधाराने कशीबशी केली.

आहार निरंतराय झाला, पण तो पाऊण तास माझं लक्ष महाराजांच्या अंजलीकडे नव्हतंच. ते माझ्या घोट्याकडे होतं. दात्याच्या हातून भांडं पडलं तर अंतराय होतो, हे तुम्हाला माहीत आहे. मग महाराज तिथेच आहार थांबवणार आणि पुढचा घास दुसऱ्या दिवशी. माझ्या एका पायापायी साधूला दिवसभर उपास!

त्या दिवसानंतर मी चौका लावायचं बंद केलं. कुणी विचारलं तर सांगायची, "सूनबाईची शाळा असते हो, जमत नाही." ती बिचारी पहाटे चारला उठायला तयार होती. खोटं मी बोलत होते.

हे दुखणं एका दिवसाचं नव्हतं. १९९९ सालचा श्रावण. अंगणातल्या ओल्या शहाबादी फरशीवरून पाय घसरला, घोटा आत वळला आणि दोन्ही बाजूंची हाडं मोडली. दीड महिना प्लास्टर. हाडं जुळली, पण जरा वाकडी जुळली. फेरतपासणीला बोलावलं होतं, मी गेले नाही. घरात नणंदेचं लग्न होतं, चालता येत होतं, आणखी काय पाहिजे? तेव्हा मी अडतीस वर्षांची होते.

मी परभणीहून बी.कॉम. झाले. नोकरी कधी केली नाही, पण यांच्या दुकानाच्या वह्या मी वर्षानुवर्षं लिहिल्या. हिशेबात एक शब्द आहे, घसारा. यंत्र घेतलं त्या दिवसापासून त्याची किंमत दरवर्षी थोडी थोडी उतरते आणि ती उतरंड वहीत लिहावी लागते. लिहिली नाही तर ताळेबंद नुसता फुगलेला दिसतो, आणि एक दिवस यंत्र अचानक बंद पडलं असं वाटतं. ते अचानक नसतं. दुकानाचा घसारा मी दर मार्चअखेर लिहिला. घोट्याचा वीस-बावीस वर्षं लिहिलाच नाही.

पुढे डॉक्टरांनी समजावलं ते आधी सांगते. गुडघा बहुतेक वेळा वयाने झिजतो. घोट्याचं तसं नसतं. घोट्याचा सांधा मोठा चिवट असतो, नुसत्या वयाने सहसा जात नाही. तो झिजतो तो बहुतेकदा जुन्या मारामुळे, मोडलेल्या हाडामुळे किंवा वारंवार मुरगळल्यामुळे. वरून नडगीचं हाड, बाहेरच्या बाजूने बारीक हाड आणि खाली टेलस नावाचं लहानसं हाड. खाचेत खुंटी बसावी तसं ते टेलस वरच्या दोघांत बसलेलं असतं. मध्ये कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, तोही जेमतेम दीड-एक मिलिमीटर. बसणी जरा तिरकी झाली की सगळा भार एकाच कोपऱ्यावर येतो आणि तिथला थर घासत जातो. शेवटी हाडावर हाड. माझ्या एक्स-रेमध्ये उजव्या घोट्यात फट दिसतच नव्हती.

त्या वर्षांत काय काय सुटत गेलं, त्याची यादी मी एकदा जुन्या वहीच्या मागच्या पानावर केली.

पहिलं सुटलं नेमगिरी. आमच्या जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवरचा तो डोंगर. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंबरोबर मी चालत जायची. ज्यांनी दर्शन घेतलंय त्यांना ठाऊक आहे, गुहांची दारं बुटकी आहेत, वाकून, अंग चोरून आत शिरावं लागतं. आत मान वर करून बघावं तर केवढ्या मोठ्या मूर्ती! एवढ्याशा दगडावर तोललेले अंतरिक्ष पार्श्वनाथ पाहून माझी धाकटी नणंद दरवेळी विचारायची, "वहिनी, पडत कसे नाहीत?" वाकून आत जायला गुडघ्याइतकाच घोटाही वाकावा लागतो. माझा वाकेना. मग मी खाली गाडीत बसून राहायची आणि बाकीचे वर जाऊन यायचे.

नंतर मंदिरातली प्रदक्षिणा सुटली. मग जमिनीवर बसून करायची सामायिक खुर्चीवर आली. बाजारात जाणं थांबलं. २०१७ मध्ये आम्ही शिखरजीला गेलो. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर वंदना, नऊ किलोमीटर उतार. मी डोलीत बसले. दोन माणसं मला खांद्यावर घेऊन रात्रीच्या अंधारात चढत होती. त्यांचं पोट त्यावर चालतं हे मान्य, पण पुढच्याचा श्वास लागलेला मला ऐकू येत होता. प्रत्येक टोंकेवर हात जोडताना मला त्याच्या खांद्यावरचा वळ दिसायचा. मुंगी वाचवायला खाली बघून चालणारी मी, आणि माझा सगळा भार दुसऱ्याच्या खांद्यावर.

यादीत एक ओळ मात्र मी लिहिली नव्हती. ती दुसऱ्या कुणीतरी दाखवली.

चौका बंद केला त्याच वर्षी, दशलक्षण पर्व झाल्यावर क्षमावाणीच्या दिवशी मी माताजींच्या दर्शनाला गेले. खुर्चीवर बसावं लागल्याबद्दल क्षमा मागितली आणि जरा अभिमानानेच म्हणाले, "माताजी, असातावेदनीय कर्माचा उदय आहे. बावीस परीषहांत चर्या परीषह सांगितलाय, चालण्याचा. तो समजून सहन करते."

माताजी हसल्या. त्यांनी विचारलं, "घरात कुणावर रागावता का?"

सूनबाई शेजारीच होती. ती काही बोलली नाही, पण तिने मान खाली घातली, आणि मला सगळं कळलं. त्या वर्षी मी तिला काय काय बोलले होते! भाकरी करपली म्हणून, पाणी गाळायला उशीर झाला म्हणून, नातू पळताना पायाला लागला म्हणून. संध्याकाळ झाली की घोटा ठणकायचा आणि माझी जीभ सुटायची. सकाळी मंदिरात उत्तम क्षमा, संध्याकाळी घरात तोंडाचा पट्टा.

माताजी म्हणाल्या, "परीषह समतेने सहन केला तर परीषह. तुम्ही तो घरच्यांना सहन करायला लावताय. आणि ज्याने घर सोडलं त्याची गोष्ट वेगळी, तुम्ही श्रावक आहात. चार दानं कोणती?"

मी म्हणाले, "आहार, औषध, शास्त्र आणि अभय."

"औषध देणं जर पुण्य, तर रोग्याने ते घेणं पाप कसं होईल? मग देणाऱ्याने द्यायचं कुणाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी सूनबाईसमोर हात जोडले. क्षमावाणीचं कार्ड दरवर्षी सगळ्या गावाला पाठवत होते. तिला समोर बसवून क्षमा मागितली ती पहिल्यांदाच. ती म्हणाली, "आई, क्षमा राहू द्या. आपण डॉक्टरांकडे जाऊ." कर्माचा उदय आहे हे मी आजही मानते. पण सहन करण्याच्या नावाखाली मी नुसती टाळाटाळ करत होते. मला भीती वाटत होती, आणि भीतीला मी धर्माचं नाव दिलं होतं.

औषधदानाचं निघालंच आहे तर एक आठवण. 'जयपूर फूट' आपण सगळ्यांनी ऐकलंय. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास तो बनवला, आणि १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीरांच्या नावाने संस्था काढून तो गरिबांपर्यंत मोफत पोचवला. त्या पायाची गंमत त्याच्या घोट्यात आहे. परदेशी कृत्रिम पाय घोट्यात ताठ असायचा. आपली माणसं उकिडवी बसतात, मांडी घालतात, अनवाणी शेतात जातात, देवळात जातात. त्यांना वाकणारा घोटा लागतो, हे ओळखून तो केला गेला. आपला धर्म आणि आपलं घर दोन्ही किती जमिनीलगत चालतं, हे मला घोटा गेल्यावर कळलं.

मुलगा पुण्याला असतो. तिथे पायाच्या डॉक्टरांना दाखवलं. गुडघा बदलणं आता घरोघर माहीत आहे. २००० साली वाजपेयीजींचा गुडघा मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावतांनी बदलला तेव्हापासून तर खेड्यातल्या म्हातारीलाही तो शब्द कळतो. पण घोटा बदलतात हे मी पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले.

पहिला जुना आणि खात्रीचा. घासलेली हाडं साफ करून स्क्रूने एकमेकांना कायमची जोडून टाकायची. सांधाच राहत नाही, म्हणून दुखणं राहत नाही. पण घोटा मग वरखाली होत नाही, आणि त्याचं काम शेजारच्या सांध्यांवर पडतं. काही वर्षांनी ते झिजू शकतात. क्वचित हाडं जुळतच नाहीत.

दुसरा रस्ता घोटा बदलण्याचा. नडगीचा खालचा आणि टेलसचा वरचा झिजलेला भाग पातळ तासून तिथे धातूच्या टोप्या बसवतात आणि मध्ये कठीण प्लास्टिकची चकती. धातूची हाडाकडची बाजू मुद्दाम खरखरीत ठेवतात, म्हणजे हाड तिच्यात वाढून धरतं. हे प्रयोग १९७० च्या दशकातच सुरू झाले होते, पण सिमेंटने बसवलेले ते पहिले घोटे लवकर सैल व्हायचे, म्हणून डॉक्टरांचा विश्वास उडाला. नंतर रचना सुधारली आणि विश्वास हळूहळू परत आला. तरी यात जखम उशिरा भरण्याचा धोका जास्त, कारण घोट्याच्या पुढची कातडी पातळ. आणि काही वर्षांनी सांधा सैल झाला तर पुन्हा शस्त्रक्रिया.

मी विचारलं, "दोन्हीत चांगलं कुठलं?" डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, इंग्लंडमध्ये तीनशे रुग्णांवर हीच तुलना झाली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष आला. वर्षभरानंतर दोन्ही प्रकारच्या रुग्णांचं चालणं आणि उभं राहणं खूप सुधारलं, पण दोघांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे माणूस बघून ठरवायचं. तरुण, जड काम करणारा असेल तर जोडणं बरं. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झालेल्या असतील, रक्तपुरवठा कमी असेल किंवा सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर बदलणं नकोच. माझं वय बासष्ट, वजन बेताचं, साखर नाही, हाडं बरी. आणि मला चढावर चालायचं होतं. चढावर घोटा हलावा लागतो. मी बदलायचं ठरवलं. "पण काकू," डॉक्टर म्हणाले, "उकिडवं बसण्याची हमी मी देणार नाही. दुखणं कमी होईल, तुमच्या आत्ताच्या ताठ घोट्यापेक्षा जरा जास्त हलेल. तरुणपणचा घोटा परत येत नाही." या बोलण्यानेच माझा विश्वास बसला.

खर्चाचंही बोलू. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली, साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला जीएसटी सोडून ५४,७२० रुपये. मी आशेने विचारलं, पण ती मर्यादा गुडघ्याची. घोट्याचा सांधा तिच्यात बसत नाही. म्हणून आधी लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. विमा असेल तर सांधेबदलासाठी किती वर्षांचा प्रतीक्षाकाळ आहे तेही पॉलिसीत वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. मी माझ्या दोन पाटल्या मोडल्या. हे नको म्हणत होते. मी म्हणाले, "पाटल्या हातात घालून खुर्चीवर बसण्यापेक्षा रिकाम्या हाताने चालेन."

आता ज्या प्रश्नासाठी तुमच्यातल्या काहीजणी हा लेख वाचत असतील, तो. मी डॉक्टरांना एक यादी नेऊन दिली होती, काय चालतं आणि काय चालत नाही याची. ते हसले नाहीत, पेन घेऊन बसले.

पायाच्या शस्त्रक्रियेनंतर पाय हलत नाही, म्हणून रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी औषध देतात. त्यासाठी पोटावर टोचतात ती हेपारिनच्या जातीची इंजेक्शनं डुकराच्या आतड्यातून काढलेल्या पदार्थाची असतात. मला हे आधी माहीत नव्हतं. ऐकल्यावर अंगावर काटा आला. पण डॉक्टर म्हणाले, याला कृत्रिमरीत्या बनवलेले पर्याय आहेत, इंजेक्शनही आणि गोळ्याही. माझी मूत्रपिंडं आणि बाकीच्या तपासण्या बघून त्यांनी गोळी दिली. टाक्यांचंही तसंच. पूर्वी कॅटगट नावाचा धागा वापरत, तो जनावरांच्या आतड्याचा. मला कृत्रिम धागा वापरला. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणून जिथे गोळी मिळत होती तिथे गोळी घेतली. कॅल्शिअमच्या काही गोळ्या शिंपल्यांपासून करतात, त्याही बदलून घेतल्या. सांधा मात्र धातू आणि प्लास्टिकचा, त्यात जिवाचं काही नाही.

पण एक गोष्ट हात जोडून सांगते. हे सगळं आधी विचारायचं, निवांत वेळी. पर्याय नसेल आणि जीव धोक्यात असेल तर डॉक्टर सांगतील ते ऐकायचं आणि नंतर प्रायश्चित्त घ्यायचं. माताजींनीही हेच सांगितलं होतं.

शस्त्रक्रिया जानेवारी २०२४ मध्ये झाली. आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवले आणि चारी आहारांचा त्याग केला. सकाळी नर्स म्हणाली, "आजी, पाणीसुद्धा देता येणार नाही हं, त्रास होईल." मी म्हणाले, "बाई, त्याची काळजी करू नकोस. आमच्या घरात हे लहानपणापासून शिकवतात." कंबरेखाली भूल होती, मी जागी होते. पडद्यापलीकडून करवतीचा आणि ठोकण्याचा आवाज येत होता, थेट सुताराच्या दुकानात बसल्यासारखं. मी णमोकार मोजत राहिले. मोजणं किती वेळा चुकलं, हिशेब नाही.

पुढचे दिवस सोपे नव्हते. शस्त्रक्रिया म्हणजे सगळं झालं असं समजू नका. सहा आठवडे उजवा पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. वॉकर धरून एका पायावर लंगडत न्हाणीघरापर्यंत जायचं. टाके काढल्यावर जखमेचा एक कोपरा ओलाच राहिला, पंधरा दिवस भरेना. डॉक्टरांनी व्यायाम पुढे ढकलला. त्या पंधरा दिवसांत मी रात्री जागून एकच विचार करायची, पाटल्याही गेल्या आणि पायही. हे दिवसभर हसून बोलायचे, पण त्यांनी जपमाळ कधी खाली ठेवली नाही, ते मी बघत होते.

सूनबाई सुट्टी काढून पुण्याला येऊन राहिली. जिला मी पाण्यावरून बोलत होते, ती माझ्या उशाशी गाळलेल्या पाण्याचा तांब्या झाकून ठेवायची आणि सूर्य मावळायच्या आत मला ताट वाढायची. एकदा माझे पाय पुसताना म्हणाली, "आई, तुमच्या टाचेला किती भेगा!" मला रडूच आलं.

जखम भरली, मग बूट आला, मग फिजिओथेरपी. ती मुलगी म्हणाली, पायाच्या अंगठ्याने हवेत अआइई काढा. पायाने अक्षर काढायचं मनाला पटेना, सरस्वती ती. मग मी आकडे काढायला लागले. आकडेही तिचेच म्हणा, पण माझी सवय. एक ते शंभर, रोज दोनदा. सूज संध्याकाळी चढायची ती अगदी आठ-नऊ महिने. पहिल्यांदा काठीशिवाय खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले तेव्हा सतरा पावलं झाली. मी ती वहीच्या त्याच मागच्या पानावर लिहिली, जमेच्या बाजूला.

आज काय येतं आणि काय येत नाही, ते स्पष्ट सांगते, म्हणजे कुणी उगीच स्वप्नं बघायला नको. रोज सकाळी मंदिरात चालत जाते. उभं राहून पूजा होते. चढ चढते, उतरताना सावकाश. ठणका गेला, आणि घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे जिभेचाही बराचसा गेला. उकिडवं बसता येत नाही. गवासनात बसून नमस्कार करताना एका बाजूला उशी लागते. पळायचं, उडी मारायची नाही. दरवर्षी एक्स-रे काढायचा, आणि या वेळी मी फेरतपासणी एकदाही चुकवलेली नाही.

गेल्या पौषात नेमगिरीला गेले. वर पोचायला मला इतरांच्या दुप्पट वेळ लागला, पण चालत पोचले. गुहेच्या त्या बुटक्या दारापाशी थांबले. वाकून जाणं जमेना. मग उंबऱ्यावर बसले, आधी पाय आत घातले आणि लहान मूल सरकतं तशी सरकत आत गेले. मागून नातू म्हणाला, "आजी, घसरगुंडी!" आत बसून कितीतरी वेळ नुसती वर बघत राहिले. पार्श्वनाथ भगवान तिथेच होते, तसेच तोललेले.

आणि या चातुर्मासात आमच्या दारात पुन्हा चौका लागला. महाराज थांबले. सूनबाईचा हात माझ्या दंडापासून चार बोटांवर, धरायला तयार. पहिली प्रदक्षिणा झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. कलशातलं पाणी हललं नाही असं म्हणणार नाही. हललं, पण सांडलं नाही. तिने हात मागे घेतला आणि आम्ही दोघी महाराजांना घरात घेऊन आलो.

तुमच्यापैकी कुणाचा पाय जुन्या माराने दुखत असेल तर या दिवाळीत वह्या उघडाल तेव्हा त्याचाही घसारा एकदा लिहून बघा. आणि घरात आपला राग कोण सहन करतंय, तेही त्याच पानावर लिहा.

जय जिनेंद्र!